तेर्नातेतलं मीराचं रोप

नेपरव्हिलच्या किचनमध्ये आज लवंगा कुटल्या आणि वासासरशी जर्सी सिटीचं जुनं अपार्टमेंट आठवलं. तेव्हा माझी मीरा नुकतीच जन्मली होती आणि मला तिला जवळ घ्यावंसंच वाटत नव्हतं. हे मी आजवर फक्त तिथल्या शेजारच्या जैनबताईंना सांगितलंय. त्या इंडोनेशियातल्या तेर्नाते बेटावरच्या. रागावतील असं वाटलं, पण त्यांनी मीराला खांद्यावर घेतलं.

"आमच्याकडे मूल झालं की लवंगेचं रोप लावतात. माझ्या भावानं बिस्मिल्ला म्हणून हिचंही लावलंय."

"पण आमचं तिथं कुणीच नाही हो!"

"रोपाला पाणी तो घालेल, हिची बाटली मी बघते. तू आधी झोप बघू."

दुपारभर झोपले. जाग आली तेव्हा मीरा रडत होती, आणि मी आपणहून हात पुढे केले.