हयातीचा साक्षीदार

मी जिवंत आहे, याला साक्षीदार म्हणून मी माझ्या मेलेल्या नवऱ्याचं नाव ठेवलं होतं. (हसू नका. तेव्हा मी लहान होते, अवघी सत्तरीची!)

हे खूळ घरात आणलं माझ्या लेकानं, सतीशनं. "आई, तुझी ओळख आता तुझ्याच फोनात. नोंद ब्लॉकचेनवर, म्हणजे शेकडो कॉम्प्युटरांवर एकदम. कुणाच्या बापाला पुसता येत नाय! पेन्शनवाल्यांना फक्त कळणार, बाई जिवंत आहे. वय कळणार नाय!"

वय कळणार नाय म्हटल्यावर मी सोडते होय! फोन हरवलाच, तर दोन साक्षीदारांनी आपापल्या फोनला चेहरा दाखवायचा, की झाली आपली ओळख परत. मी दोन नावं दिली: आमचे हे आणि शेजारच्या शहनाजभाभी. (ह्यांना विचारलं होतं. आमच्याकडं सगळं ह्यांना विचारूनच!)

पुढं हे गेले. सतीश म्हणाला, "अण्णांचं नाव काढून टाक." मी "व्हय व्हय" म्हटलं आणि काढलं नाही. जीवच होईना. उलट त्यांचा फोन रोज चार्ज करून त्यांच्या फोटोसमोर, फोटोकडं तोंड करून उभा करायला लागले. चार्जिंग संपलं की बिचारे कासावीस व्हायचे!

वर्षश्राद्धाला माझा फोन खिरीच्या पातेल्यात पडला. हयातीचा दाखला द्यायचा शेवटचा दिवसही तोच! गच्चीवर घास ठेवता ठेवता सतीशनं नव्या फोनवरून साक्षीदारांना निरोप धाडला. शहनाजभाभींनी तिथंच चेहरा दाखवला. दुसरं नाव वाचून सतीश पांढराफटक.

"आई! अण्णांचं नाव काढलं नाहीस? आता तुला जिवंत कोण म्हणणार? पेन्शन बंद!"

त्यात कावळा घासाला शिवेना. सगळ्या पुंडलिकनगरचे कावळे समोरच्या टाकीवर बसलेले, पण एकही हलेना. वारा पडलेला. भर दुपारी कुत्रंसुद्धा भुंकेना.

"दादाची काहीतरी इच्छा राहिली," नणंद पुटपुटली.

मी हात जोडले. "अहो, चुकले मी. पण सांगा ना त्यांना, मी जिवंत हाय म्हणून!"

टिंग!

नव्या फोनवर अक्षरं उमटली: 'साक्षीदार दत्तात्रय यांनी चेहरा दाखवला. ही व्यक्ती जिवंत आहे.'

आणि कावळा खाली उतरला. वडा उचलून गेला!

नणंदेनं कावळ्याला हात जोडले. मी सतीशचा सदरा धरून त्याच्या मागं मागं जिना उतरले. बंद खोलीत उदबत्तीचा धूर, धुरात ह्यांचा उजळलेला फोन, आणि वाकून पाहिलं तर त्याच्या पडद्यावर हिरव्या वर्तुळात ह्यांचा चेहरा. माझ्याकडंच बघत होते!

सतीशनं कपाळाला हात लावला. "फोटो आहे आई, फोटो! समोर अण्णांचा चेहरा दिसला, दिली यानं मंजुरी. आता पुसताही येत नाय!"

(कावळ्याचं मात्र त्याला अजून सांगता आलेलं नाही.)

संध्याकाळी कचेरीत जाऊन मी सदेह जिवंतपणा दाखवला, खरं काय ते सांगितलं, दोन तास बोलणी खाल्ली. पेन्शन वाचली. पण घरी येऊन डोळे पुसत भाभींना म्हटलंच, "काही म्हणा, गेल्यावरसुद्धा ह्यांनी माझ्या शब्दाला 'हो' म्हटलं!"

भाभींनी फोटोकडं पाहिलं, मग माझ्याकडं. म्हणाल्या, "वहिनी, भाईसाब जिंदा थे तब भी ऐसेच चुप बैठते थे, और तुम उसकोच 'हौ' समझते थे!"