बारा ते दोनचा पहारा

मी मोजणी खात्यातला माणूस. शेताच्या बांधावर साखळी टाकायची, आकडा लिहायचा, खाली सही करायची... एकवीस वर्षं हेच करतोय. ज्याचं माप निघत नाही त्यावर मी कधी बोललो नाही. कुणी चकव्याच्या, भुताच्या गोष्टी सांगायला लागलं की मी उठून जायचो. म्हणून खालचा प्रकार लिहितानाही जेवढं पाहिलं आणि विचारलं, तेवढंच लिहितो.

पाच वर्षांपूर्वी, फाल्गुनात, पिंगळी स्टेशनपासून सात किलोमीटरवर एका आमराईत आम्ही मित्रांनी भजन संमेलन भरवलं होतं. शनिवारी सकाळी सहापासून रविवारी संध्याकाळी सहापर्यंत. आठ गावची मंडळं, उघड्यावर बैठक, वर नुसतं कापड. संमेलन दरवर्षीचंच, पण त्या वर्षी त्याला एक कारण होतं. आमचा मित्र दिगंबर याची बायको परभणीला दवाखान्यात होती. पोटात गाठ. ऑपरेशन रविवारी दुपारी; तो तिच्यापाशीच होता. दिगंबरनं संकल्प सोडला होता — छत्तीस तास वीणा खाली टेकणार नाही.

रिवाज असा, की वीणा गळ्यात घेतलेल्यानं उभंच राहायचं. दोन तासांनी दुसरा येतो, दोघं एकमेकांच्या पाया पडतात आणि वीणा या गळ्यातून त्या गळ्यात जाते. पुढचा आला नाही तर आधीच्याला हलता येत नाही. पहाऱ्यांची यादी माझ्याकडं होती. अठरा पहारे, नऊ माणसं, प्रत्येकी दोन.

शनिवारी सकाळीच किशनला ताप भरला. त्याचे पहारे होते शनिवारी संध्याकाळी सहा ते आठ आणि रविवारी दुपारी बारा ते दोन. मी दोन्हीकडं त्याचं नाव खोडलं. शनिवारचा मी स्वतः केला.

रविवारी दिगंबरचा भाऊ पॅसेंजरनं दवाखान्याची सकाळची खबर घेऊन येणार होता. त्याला आणायला मी आणि बापूराव दहा वाजता निघालो. बैलगाडी मिळाली. स्टेशनवर कळलं, गाडी दोन तास लेट. बाकड्यावर बसून राहिलो.

बापूरावला गप्प बसवत नाही. "अण्णा, आता वीणा कुणाकडं हाय वो?"

"बघून सांगतो."

"तुमाला पाठ न्हाई? मंग कशाचे हिशेबी तुमी!"

मी खिशातून यादी काढली. रविवार, बारा ते दोन — किशन, खोडलेलं. वर कुणाचंच नाव नाही... घड्याळात बारा पंचावन्न झाले होते.

दहा ते बारा सखारामबुवा होते. वय सत्तर, त्यात दोन दिवसांचा उपास. ते शब्द मोडणारे नव्हते. पुढचा आला नाही म्हणून ते उभेच राहणार, आणि कधीतरी वीणेसकट कोसळणार. तिकडं दिगंबरची बायको टेबलावर असणार.

"बापू, चल. चूक झाली माझी."

"आन् खबर?"

"खबर मागून येईल. बुवा पडतील तिथं!"

परत जायला गाडी मिळाली नाही. पायीच निघालो, मधेमधे पळत. ऊन असं, की नांगरटीकडं बघवत नव्हतं. दर किलोमीटरला मी घड्याळ बघत होतो. "नका बघू वो," बापूराव म्हणाला, "बघून काटा थांबायलाय का?" आमराई दिसायच्या आधी कर्ण्यातून टाळ ऐकू आले. भजन चालू होतं, पण त्यानं वीणेचं काहीच कळत नव्हतं.

पोचलो तेव्हा दोन वाजून पाच मिनिटं झाली होती. वीणा नागोरावच्या गळ्यात होती. दोन ते चार त्याचाच पहारा. सखारामबुवा आंब्याखाली पडून होते, शांत. मला घळाघळा घाम.

नागोरावच्या कानाशी जाऊन विचारलं, "बारा ते दोन कोण उभं होतं?"

तो हसला. "कोन म्हंजे? तुमीच की! आत्ता दिली न्हवं माझ्याकडं?"

मला वाटलं, चूक पकडली म्हणून टोमणा मारतोय. बुवांकडं गेलो.

"बुवा, माझी चूक झाली. तुम्हाला कुणी सोडवलं?"

"असं काय करतोस रं? बाराला आलास, पाया पडलास, घेतलीस. बोलला न्हाईस कायी." मग म्हणाले, "हात मातर लय गार होते तुजे."

बापूराव पुढं झाला. "बुवा, हे माझ्यासंगं ठेसनावर होते. सकाळधरनं!"

आजूबाजूचे हसले. "उन्हात फिरलाय बाप्या," कुणीतरी म्हणालं.

मी अकरा जणांना वेगवेगळं गाठून विचारलं. अकराही जणांनी मला वीणा घेऊन उभं पाहिलं होतं. मी बोललेलं मात्र एकानंही ऐकलं नव्हतं.

सहाला समाप्ती झाली. थोड्या वेळानं दिगंबर स्वतःच परभणीहून आला, बरोबर दुपारच्या गाडीनं न आलेला भाऊ. गाठ निघाली होती, बायको शुद्धीवर आली होती. त्याचा त्या वीणेशी संबंध मी लावत नाही. दोन्ही गोष्टी घडल्या, एवढंच लिहितो.

लोकांनी त्याला सांगितलं, किशनच्या जागी अण्णा उभे राहिले, भर दुपारी. त्यानं सगळ्यांसमोर माझे पाय धरले. बापूराव माझ्याकडं बघत होता. मी तोंड उघडलं, आणि मिटलं. 'तो मी नव्हतो' म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न होता — मग वीणा होती कुणाकडं? संकल्प पुरा झाला की मोडला? अंगावर टाके असलेल्या बाईपर्यंत तो प्रश्न मला न्यायचा नव्हता.

वहिनी आज ठणठणीत आहेत. दिगंबरची परवानगी घेऊनच हे लिहितोय. म्हणजे गेल्या महिन्यात त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "तिला नगा सांगू." लिहायला मात्र हो म्हणाला. पण हे छापून येणारं 'माउली' मासिक त्या वाचतात, तेव्हा आता कळेलच.

उलगडा माझ्याकडं नाही. बापूरावकडंही नाही. त्यांच्या घरी गेलो की वहिनी अजून पहिलं ताट मला वाढतात, आणि मी न दिलेल्या त्या दोन तासांसाठी नमस्कार करतात. मी तो घेतो. कुणाच्या वाट्याचा घेतो, ते मला माहीत नाही.