दत्तोबांचे आणे

दत्तोबांनी कधीच कुठल्या पिक्चरला सोळा आणे दिले नाहीत. हे आधीच सांगून टाकते, नंतर मला रडू यायला लागलं की राहून जाईल. हायेस्ट साडेचौदा. तेही अशा एका पिक्चरला, जो आम्ही सगळ्यांनी दोन स्टार देऊन धुतला होता.

आम्ही म्हणजे कॉलेजची सहा-सात टाळकी. दोन हजार बारा साल, सेकंड इयर. दर शुक्रवारी बाराचा शो, स्वारगेटजवळच्या जुन्या एकपडदा थिएटरात, कारण मल्टिप्लेक्सचं नुसतं पॉपकॉर्नसुद्धा आमच्या महिन्याच्या मेसइतकं. शो सुटला की समोरच्या टपरीवर उभ्याउभ्या रेटिंग. नियम एकच, हातातला चहा संपायच्या आत आकडा सांगायचा. मग भांडायचं. आणि मी तिथल्या तिथे मोबाइलवर सगळ्यांचे आकडे आणि मतं टाइप करून आमच्या फेसबुकच्या पानावर टाकायची. हे काम माझ्याकडे, कारण मी फास्ट टाइप करते. इतकी फास्ट की डोकं मागून येतं.

एक दिवस दिग्विजय म्हणाला, "तीन स्टार. हिरॉइनचा अर्धा वेगळा." दिग्विजय सदाशिव पेठेतला, तो कुणाला फुकट काही देत नाही.

बाजूला एक माणूस चहा पीत होता. पांढरी टोपी, पांढरा शर्ट, खिशावर पितळी बिल्ला, अंगाला कांद्याचा वास. तो म्हणाला, "पाचात कुठं मापताय रं? माप सोळाचं असतंय."

"मग तुमचे किती, काका?"

"साडेनऊ आणे. इंटरवलपातुर एक नंबर माल, खाली समदी गोल्टी."

आम्ही बघतच राहिलो. मग त्यांनीच सांगितलं, गोल्टी म्हणजे बारका कांदा. गोणीत वर मोठा माल रचायचा आणि खाली गोल्टी भरायची, ही लबाडी त्यांनी अठ्ठावीस वर्षं रोज पाहिली होती. मार्केट यार्डात कांदा-बटाटा विभागात ते तोलणार होते. शेतकऱ्याची गोणी काट्यावर चढली की वजन किती भरलं ते सांगणारा माणूस. पहाटे चारला काम सुरू, अकराला हात मोकळे, म्हणून शुक्रवारचा बाराचा शो. मूळचे सासवडकडचे. बायको कौशल्या, मुलगी लग्न होऊन गेलेली, राहायला गुलटेकडीलाच यार्डाच्या मागे.

दिग्विजय हळूच म्हणाला, "हा माणूस आपल्या सगळ्यांपेक्षा भारी आहे." त्याच्या तोंडून हे म्हणजे भारतरत्नच.

त्या दिवसापासून पानावर शेवटची ओळ दत्तोबांची. "दत्तोबा : साडेसात आणे. गोनी मोठी, कांदा कमी." "दत्तोबा : अकरा आणे. हिरो हलका, पन बाप लई वजनाचा." लोक वेडे झाले. हिंजवडीत एसीत बसलेले आयटीवाले शुक्रवारी तीन वाजल्यापासून विचारायचे, आणे आले का. आमचे स्टार कुणी वाचेना. मी एकदा अडीच पानांचं मत लिहिलं, त्याच्याखाली पहिली कमेंट, ओवी, आणे कुठे आहेत?

दत्तोबांना हे वाचून दाखवलं की ते चहाच्या ग्लासात बघत हसायचे. "माझं कोन वाचतंय?" म्हणायचे, आणि दोन मिनिटांनी, "अजून काय म्हनत्यात?"

ते नेहमी पडद्यापासून तिसऱ्या रांगेत, बरोब्बर मधल्या खुर्चीवर बसायचे. आम्ही मागे. "काका, मान मोडेल," आम्ही म्हणायचो. "लांबून मजा न्हाई," ते म्हणायचे. पायऱ्या उतरताना कठड्यावर हात. टपरीवाला ग्लास पुढे करायचा तेव्हा ते एक क्षण थांबायचे आणि मग घ्यायचे. आम्हाला वाटायचं, ऐट आहे.

मग तो पिक्चर आला. बाहेरदेशी गेलेला मुलगा बारा वर्षांनी आईकडे परत येतो, त्याचा. शेवटची दोन मिनिटं कुणी काही बोलत नाही. बेल वाजते, कडी निघते, बांगड्या वाजतात, दार उघडतं. दारात भलतीच बाई, नवी भाडेकरू. आणि तिच्या मागे भिंतीवर कुणी न काढलेला आईचा फोटो, वाळका हार घातलेला. मुलगा बघत राहतो. बस्. अख्खं थिएटर नाक ओढत होतं.

टपरीवर मी अजून डोळे पुसत होते तेव्हा दत्तोबा म्हणाले, "साडेतेरा आणे. लई दिसांनी शेवट गोड केला बगा. माऊलीनं दार उघडलं, पोरगं घरी आलं."

"काय?" दिग्विजय म्हणाला. "काका, दार भाडेकरूनं उघडलं. आई फोटोत होती, हार घालून. आपण नक्की कुठल्या थिएटरात बसला होता?"

सगळे हसले. मीसुद्धा.

"बांगड्या वाजल्या की," दत्तोबा म्हणाले.

कुणाला काही कळलं नाही. त्यांनी ग्लास टपरीच्या फळीवर म्हणून ठेवला, तो फळीच्या चार बोटं अलीकडे. म्हणजे हवेतच. ग्लास फुटला. ते खाली वाकले नाहीत, काचा शोधल्या नाहीत, नुसते उभे राहिले. आणि मग बरंच सावकाश चालायला लागले.

मी मागे धावले. बसस्टॉपच्या कठड्यावर बसून त्यांनी सांगितलं. काचबिंदू. डावा डोळा संपलेला, उजव्यातून "नळीतून बगितल्यावानी" दिसतं, नळी रोज बारीक होते. गेलेलं परत येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. थेंब टाकायचे ते फक्त जाण्याचा वेग कमी करायला.

"मग यार्डात?"

"आता काटा लाइटचा हाय. लाल आकडा मला पुसट बी दिसत न्हाई. मी शेतकऱ्यालाच इचारतो, बोला पाटील, किती भरलं? त्यो मोठ्यांदा वाचतो. त्याला वाटतं, तोलनार लई सच्चा, माझ्याच तोंडानं वजन वदवून घेतोय." ते हसले. "आनि गोनी काट्यावर आपटली की आवाजावरनं मला किलोभर हिकडं-तिकडं कळतं. कुनी कमी वाचलं, जास्त वाचलं, तर म्हनतो परत बगा. दोन वर्सं झाली. एक माप चुकलं न्हाई."

"आणि पिक्चर?"

"पिक्चर मी ऐकतो पोरी. रंग दिसत्यात थोडं, म्होरं बसलं की." मग म्हणाले, "यार्डात कळाया नगं. सहा वर्सं काढायची हायत अजून."

मी शपथ घेतली. त्यांचा हात धरून, देवाची, माझ्या आईची, सगळ्यांची.

आणि ती मी पाळली. असं मला वाटत होतं. बसमध्ये बसले, रडू थांबेना, आम्ही त्यांना हसलो हे डोक्यातून जाईना, आणि बोटं चालायला लागली. लिहिलं की आमचे दत्तोबा बघू शकत नाहीत. तिसऱ्या रांगेत बसून ते पिक्चर ऐकतात. तुम्ही-आम्ही दोन-दोन डोळे घेऊन मोबाइल बघत बसतो, आणि हा माणूस काळोखात बसून बापाचं वजन ओळखतो. आज आम्ही त्यांना हसलो, आमची लायकी शून्य आणे. दत्तोबांना माझ्याकडून सोळा. यार्डाचं नाव नाही, कामाचं नाव नाही, एक शब्द नाही. तीनदा तपासलं. खाली फोटो जोडला, गेल्या महिन्यात टपरीवर काढलेला, हसताना. लिहिण्यापासून टाकण्यापर्यंत अकरा मिनिटं.

फोटोत शर्टावर बिल्ला होता. तोलणाराचा, नंबर स्पष्ट वाचता येईल असा.

शनिवारी यार्ड बंद. त्या एका दिवसात नऊशे जणांनी ते शेअर केलं. सलाम. अंगावर काटा आला. सोळा आणे माणूस. मला अनोळखी लोकांचे मेसेज, किती सुंदर लिहितेस. मी खरं सांगते, मला आनंद झाला होता. रविवारी सकाळी उठून मी आधी आकडा बघितला.

पुढच्या शुक्रवारी तिसऱ्या रांगेतली मधली खुर्ची रिकामी. मी पिक्चर सुरू व्हायच्या आत उठले आणि मार्केट यार्डात गेले. दत्तोबा ज्या गाळ्यावर असायचे तो विचारत विचारत सापडला. व्यापारी गादीवर बसले होते, वयस्कर, अगदी सौम्य.

"या ताई. ते तुम्हीच लिहिलंत ना? सून हिंजवडीला कामाला आहे, तिनं वाचून दाखवलं. डोळ्यांत पाणी आलं हो माझ्या."

"मग त्यांना काढलंत का?"

"काट्यावरून काढलं. मला सांगा, तुमचं सोनं तुम्ही आंधळ्या सोनाराकडे तोलायला द्याल?"

"पण दोन वर्षांत एक माप चुकलं नाही त्यांचं!"

"नसेल. पण रविवारपासून शेतकरी येऊन विचारतायत, माझं गेल्या मोसमातलं माप कुणी केलं होतं? एक जण सहा वर्षांपूर्वीची वजन-हिशेबाची पट्टी घेऊन आला. तेव्हा दत्तोबाला स्वच्छ दिसत होतं. पण हे आता कुणाला पटवू मी? अठ्ठावीस वर्षांची मापं खोटी पडली, ताई." त्यांनी माझ्यासाठी चहा मागवला. मी तो प्यायले. का प्यायले माहीत नाही.

यार्डामागे दत्तोबांच्या घरी कौशल्याकाकू दारात मेथी निवडत होत्या. मी कोण ते सांगितलं. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तूच व्हय. पोरी, तू वंगाळ न्हाईस, हे त्यांनी सांगितलंय मला. पन तुला कुनी इचारलं व्हतं?"

आत दत्तोबा खाटेवर बसले होते, बिल्ला नसलेल्या शर्टात. मी पायांवर डोकं ठेवलं, खूप बोलले, काय काय बोलले आठवत नाही. शेवटी मी म्हणाले, ते सगळं मी डिलीट केलंय.

"म्हंजी काय?"

"पुसून टाकलं."

"शेतकऱ्यांच्या डोक्यातलं बी?"

रागावून नाही. खरंच विचारल्यासारखं. बाहेर काकूंची मेथी मोडल्याचा आवाज येत होता, काडी काडी.

मग मला वाटलं, एक गोष्ट तरी परत आणता येईल. पुढच्या शुक्रवारी मी त्यांना घ्यायला गेले. ते नको म्हणत होते, काकूंनीच टोपी आणून दिली. तिसऱ्या रांगेत मी त्यांच्या शेजारी बसले आणि कानात सगळं सांगितलं. आता ती खिडकीत आली, आता त्यानं पत्र फाडलं, आता तो रडतोय पण तोंड फिरवून, आता पाऊस. मी फास्ट बोलते. एक सीन सोडला नाही. इंटरव्हलमध्ये ते म्हणाले, "दम घे जरा." दुसऱ्या भागात त्यांनी मान किंचित पलीकडे वळवली होती, तरी मी सांगत राहिले.

टपरीवर सगळे होते. सगळ्यांनी रेटिंग दिलं. कुणी भांडलं नाही. दिग्विजयनं ग्लास स्वतः दत्तोबांच्या दोन्ही हातांत नीट दिला, आणि विचारलं, "काका, आणे?" आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या आवाजात टोमणा नव्हता आणि तेच ऐकवत नव्हतं.

मी मोबाइल काढला. "दत्तोबा :" एवढं लिहून थांबले.

ते चहा पीत राहिले. अर्धा झाला. आम्ही वाट बघत होतो. चहा संपला.

"न्हाई," ते म्हणाले.

"काका, कितीही द्या, दोन द्या..."

"देऊ कसं? आज पिक्चर मी बगितला न्हाई आनि ऐकला बी न्हाई. तुझं ऐकलं. तू वाचून दाखवलेला आकडा हाय त्यो."

"पण तुम्ही यार्डातही दुसऱ्यानं वाचलेलाच आकडा..."

बोलून गेले. माझं तोंडही बोटांसारखंच आहे.

"व्हय," दत्तोबा म्हणाले. "शेठ तेच म्हनला."

मग त्यांनी ग्लास ठेवायला फळी चाचपली, फळी सापडली, ग्लास ठेवला. मला म्हणाले, घरापर्यंत सोड. रस्ताभर माझ्या खांद्यावर हात होता, त्या हाताला अजून कांद्याचा वास होता. दारात काकू उभ्या होत्या. आत जाताना ते वळून म्हणाले, "शुक्करवारी येऊ नगंस."

त्यानंतर मी एकदाच गेले. खोलीला कुलूप होतं. शेजारची म्हणाली, सासवडला गेले, भावाकडे, इथे बसून काय करणार.

पान अजून आहे. स्टार मी टाकते. दर शुक्रवारी तीन वाजले की कुणीतरी हिंजवडीहून विचारतंच, आणे आले का. मी "दत्तोबा :" लिहिते, आणि पुसते.