धुतलेल्या विहिरीची केस

१९ जुलै. सकाळपासून विहिरीच्या केसच्या पानांना नंबर घालते आहे. पुण्याच्या वकीलबाईंना पूर्ण संच आजच्या कुरियरने जायला हवा, कारण मंगळवारी हरित लवादात शेवटची सुनावणी आहे. चारशे बारावर आले तेव्हा दिसलं की दोनशे सात नंबर दोनदा पडलाय. पुन्हा मागे. नाना असते तर म्हणाले असते, "बाई, काय करी राहिनी तू? पानं मोजी राहिनी का पापड?"

नाना म्हणजे आमचे वकील. मूळ सोनगीरकडचे, वकिली जळगावला. कोर्टात शुद्ध मराठी, ऑफिसात अहिराणी. सतरा वर्षं मी त्यांची टायपिस्ट होते आणि त्या सतरा वर्षांत मी त्यांना ऑफिसात बसलेलं पाहिलं नाही. वकिलाची खुर्ची पक्षकारासाठी. नाना खिडकीपासून दारापर्यंत चालत मजकूर सांगायचे. दाराला पोचले की पूर्णविराम, वळले की नवा परिच्छेद. चहासुद्धा चालताना. बशी हिंदकळून निम्मा चहा फरशीवर, आणि ती पुसायला मी. डॉक्टरांनी एकदा सांगितलं, थोडं बसत जा. त्यावर उत्तर: "बसनू का झोप येस, आनि झोपनू का समोरला तारीख लेस."

त्यांच्याकडे केसही तसल्याच यायच्या. खडीच्या खाणीची धूळ, नाल्यात सोडलेलं काळं पाणी, कुणाच्या तरी शेताच्या कडेला रात्रीतून रिकामे झालेले टँकर. बाररूममध्ये चेष्टा व्हायची. एकदा एक वकील म्हणाले, "नाना, तुमचा पक्षकार नेमका कोण? तो नाला का?"

"हो," नाना म्हणाले. "आणि तो तारखेला हजर असतो. तुमच्या पार्टीसारखा आजारी पडत नाही."

विहिरीची केस घेऊन अक्का आल्या. असोद्याच्या पुढे त्यांचं गाव. साठी उलटलेली बाई, केळीची पाच बिघे शेती, पायात प्लास्टिकच्या चपला. गावाच्या वरच्या अंगाला रसायनाचा कारखाना आलेला, आणि दोन वर्षांत गावविहिरीच्या पाण्याला तांबूस झाक आणि औषधासारखा वास. अक्का खुर्चीच्या टोकावर बसून म्हणाल्या, "वकीलसाहेब, म्हैस तोंड लावत नही त्या पान्याले. मानसं पितात, कारन मानसाले सांगता येतं का पी म्हून."

नानांनी पुरावा विचारला नाही. विचारलं ते भलतंच. "अक्का, घरमा जुनं पांढरं लुगडं शे का?"

अक्का भडकल्या. "पांढरं लुगडं माह्या घरी कायले राहीन? माहा मालक जिवंत हाये!"

"मंग मालकनं धोतर तरी शे का?"

त्या धोतराच्या पट्ट्या फाडल्या. दर बाजाराच्या दिवशी एक पट्टी विहिरीत सोडायची, दुसऱ्या दिवशी काढून सावलीत वाळवायची, तिच्यावर सुनेकडून पेनाने तारीख घालून घ्यायची. अक्कांनी वर्षभर एकही बाजार चुकवला नाही. पहिल्या पट्ट्या पिवळट, उन्हाळ्यातल्या जवळजवळ विटकरी आणि हाताला कडक लागणाऱ्या. मी त्या कोऱ्या कागदांवर चिकटवल्या. लवादात समोरचे वकील म्हणाले, हे काही शास्त्र नव्हे. नाना म्हणाले, "नाहीच. म्हणून तर शास्त्रवाल्यांना गावात पाठवा, एवढीच आमची विनंती आहे." लवादाने पाण्याचे नमुने घ्यायला समिती नेमली.

आता माझी चूक. समितीचं पत्र ऑफिसात आलं, आणि मी लगेच गावात फोन केला. गुरुवारी अकरा वाजता साहेब येणार आहेत, विहिरीजवळ हजर राहा. साधी गोष्ट. कोणीही केला असता तसा फोन.

गुरुवारी नाना आणि मी पोचलो तेव्हा विहिरीच्या काठाला ताजा चुना लावलेला होता. वाटेवर सडा, रांगोळी, दोन खुर्च्यांवर धुतलेल्या चादरी. मी आत वाकून पाहिलं तर तळाची कपार दिसत होती. गावाने तीन मोटारी लावून दोन दिवस पाणी उपसलं होतं, गाळ काढला होता, तुरटी फिरवली होती, वर ब्लिचिंग पावडर. साहेबांनी बाटल्या भरल्या, पोहे खाल्ले, चहा घेतला आणि गेले. कारखान्याच्या माणसाने विहिरीचे फोटो काढले. तोही पोहे खाऊन गेला.

नानांनी विहिरीला दीड फेरी घातली आणि काठावर बसले. मी त्यांना बसलेलं पाहिलं ते तेव्हा.

"अक्का, हे काय केलं?"

"साफ केली. पाव्हने येनार, त्याहिले घान दाखवाची का? गावाची काही लाज हाये का नही?"

"फोन मी केला होता," मी म्हटलं. ते लपवून काही उपयोग नव्हता.

नाना उठले. "चूक बठ्ठासनी शे, तुनी एकलीनी नही. चाल, लिखाले बस."

अहवाल आला: पाणी मर्यादेत. मी व्यवहाराचं सुचवलं. नमुना घ्यायची पद्धत चुकली असं लिहू, दहा जण तसंच लिहितात. नाना दारापर्यंत गेले आणि वळलेच नाहीत. दाराकडे तोंड करून म्हणाले, "त्यासनी नमुना बराबर लिया. आपीनच विहीर धुई टाकी. तेच लिख." मग सगळं सांगितलं: मोटारी किती, किती तास, पावडर किती किलो, कोणी आणली. पावडरच्या रिकाम्या पिशव्यांचे फोटोही जोडले. वर लिहिलं, समितीची तारीख आमच्या कार्यालयातून कळवली गेली. माझं नाव घातलं नाही. मी घाला म्हटलं होतं.

समोरच्या वकिलांना सुनावणीत हसू आवरेना. अर्जदारांनी स्वतःच प्रदूषण दूर केल्याबद्दल त्यांनी आभार मानले. नाना म्हणाले, "गावाने दोन दिवसांत केलं. कारखान्याला इतक्या वर्षांत का जमलं नाही, एवढंच विचारायचं आहे." लवादाने दुसऱ्यांदा नमुने घ्यायचा आदेश दिला. या वेळी पूर्वसूचना न देता, कधीही.

त्यानंतरचे महिने अवघड गेले. आदेश कागदावर, समितीचा पत्ता नाही, आणि नानांना दम नाही. दर शनिवारी मोटारसायकल काढून असोद्याच्या पुढे जायचे, विहिरीत डोकावायचे, आणि भेटेल त्याला बजावायचे की कोणी झाडूसुद्धा उचलायचा नाही. अक्का म्हणायच्या, "असा वकील पाह्यला नही बाई. इहीर घान ठेवा म्हून सांगाले येतो." ऑफिसात टेलिफोन वाजला की नाना माझ्या आधी उचलायचे. बहुतेक वेळा तो त्यांच्या मुलाचा असायचा, आणि ते "मंग करस" म्हणून ठेवून द्यायचे. मी एकदा म्हटलं, मुलाशी तरी नीट बोलत जा. म्हणाले, "तो कोठे पळी राहिना?"

नाना मार्चमध्ये गेले. रात्री झोपले आणि सकाळी उठले नाहीत. चालताना गेले असते तर मला पटलं असतं. दुसऱ्या दिवशी मी ऑफिस उघडलं, कारण दोन केसच्या तारखा होत्या आणि त्या पुढे मागून घेणं भाग होतं. विहिरीच्या केसचं वकीलपत्र पुण्यातल्या त्यांच्या ओळखीच्या वकीलबाईंनी घेतलं. समिती मे महिन्यात आली, कोणालाही न सांगता. जूनमध्ये अहवाल आला: पाणी माणसांना आणि जनावरांना पिण्यास अयोग्य. मी तो वाचला, फाईलला लावला आणि चहा केला. सांगायला कोणी नव्हतं.

हे लिहिता लिहिता अक्का आल्या. दुपारचे दोन वाजले असतील. खुर्चीत बसल्या, पदराने तोंड पुसलं.

"बाई, आंगठा देऊ का नको, सांग."

थोडं थोडं करून कळलं. नवा अहवाल आल्यापासून कारखान्याची माणसं गावात फिरताहेत. गावाला पाणी शुद्ध करायचं यंत्र बसवून देतो, केस मागे घ्या. अर्जदार पाच, चौघांनी सह्या केल्या. अक्का राहिल्यात. उद्या सकाळी पंचायतीसमोर सगळे जमून त्यांचा अंगठा घेणार, आणि मंगळवारी तो कागद लवादात जाणार.

"यंत्राचं पाणी घरात प्याल," मी म्हटलं. "म्हशीला? केळीला?"

"तेच मी म्हनलं. तर म्हने अक्का, तुमच्या एकटीपायी गावाचं मशीन जाईन. सून बी तेच म्हनते. दोन दिवस झाले, माह्याशी बोलत नही."

"कागद वाचला कोणी?"

"कोन वाचीन? इंग्रजी हाये."

"सह्या केलेल्या चौघांनी?"

"त्याहिले मशीनचा फोटो दाखोला." मग माझ्याकडे रोखून बघत म्हणाल्या, "नानांनी काय सांगितलं असतं?"

मला ते माहीत नव्हतं आणि मी तसं सांगितलं. देऊ नका, एवढं तोंडावर आलं होतं. पण गावात राहायचं अक्कांना, त्या सुनेच्या हातचं खायचं त्यांना. मी म्हटलं, "उद्या सकाळी मी येते. तोवर अंगठा कोणाला द्यायचा नाही, एवढं करा." त्या बसला गेल्या. मी उरलेली पानं संपवली, संच कुरियरला दिला, आणि पावती घेऊन घरी आले.

२० जुलै. रात्री झोप काही नीट लागली नाही. सकाळी पहिल्या एसटीने गेले. पंचायतीसमोर तीसेक माणसं, मध्ये टेबल, टेबलावर शाईचा पॅड. अक्का एका बाजूला, सून दुसऱ्या बाजूला. मी भाषण केलं नाही. कागद मागितला. कारखान्याचा माणूस म्हणाला, "मॅडम, सगळ्यांना माहीत आहे काय आहे ते." मी म्हटलं, "मग पुन्हा ऐकायला काय हरकत?" आणि एकेक ओळ मराठीत सांगत गेले.

पहिल्या कलमात यंत्र होतं. लोकांनी माना डोलावल्या. दुसऱ्या कलमात यंत्राची दुरुस्ती एका वर्षानंतर गावाने करायची होती. थोडी चुळबूळ झाली. तिसरं कलम असं, की विहिरीच्या पाण्याबद्दल अर्जदारांची कोणतीही तक्रार नाही, पूर्वीही नव्हती, आणि त्यांची मुलं, नातवंडं, वारस यापैकी कोणीही यापुढे कधीच कुठेही तक्रार करणार नाही.

"थांबा बाई." सह्या केलेल्यांपैकीच एक जण पुढे आला. त्याच्या कडेवर दोन वर्षांची मुलगी होती. "ते शेवटचं पुन्हा वाचा बरं."

मी पुन्हा वाचलं.