मेस्त्रीचे सहा बोल्ट

मोटारीच्या इंजिनाला मी जन्मात एकदाच हात लावला, आणि तोही नेलपॉलिश लावायला. हसा खुशाल. ही हकिगत मी स्वतःच कित्येकदा हसत हसत सांगितली आहे. फक्त निम्मी सांगून थांबलो आहे.

मालवणात बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावर एका मेस्त्रीची पत्र्याची शेड होती. माणूस हडकुळा, कमरेला कळकट टॉवेल, आणि तोंडात मुख्यतः दोनच शब्द. उजव्या हाताचं बोट वर करायचं आणि म्हणायचं, "गप. आयक." मग हातभर लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवून मूठ कानाशी धरायची आणि डोळे मिटायचे. तुमच्या गावातही असा कुणीतरी असेलच. त्याने डोळे मिटले की भोवतालची माणसं उगाचच श्वास धरतात.

धंदा बोटींच्या इंजिनांचा. एकदा एक ट्रॉलरवाला तणतणत आला, "मेस्त्री, इंजिन धूर मारता रे, तुझ्या कामाक काय अर्थ नाय!" मेस्त्रीने बोट वर केलं, ऐकलं आणि शांतपणे विचारलं, "डिझेलात पाणी घातलंस, की पाण्यात डिझेल?" ट्रॉलरवाला डिझेलवाल्याला शिव्या घालत गेला.

पण ह्या माणसाच्या शेडच्या दाराला आतून, गणपतीच्या कॅलेंडरशेजारी, शर्यतीच्या मोटारींचे वर्तमानपत्रातले फोटो चिकटवलेले होते. ते मी पाहिले होते, म्हणूनच माझ्या मेहुण्याला, सुहासला, त्याच्याकडे घेऊन गेलो. सुहास माझ्या बायकोचा थोरला भाऊ, राहायला म्हापशाला. घाटातल्या शर्यतींत गाडी पळवण्याचा त्याला नाद. जुनी गाडी घेऊन तिचं इंजिन पुरतं उघडून, नव्याने बांधून, जास्त ताकदीचं करायचं होतं. मेस्त्रीने कोपऱ्यातली जाळी हलवून जागा केली आणि फरशी स्वतः धुतली. गाडी चांगली पळाली तर सुहासचे दोन दोस्तही आपापल्या गाड्या आणणार होते. "तीन गाड्यो, मास्तरानू," मेस्त्री मला म्हणाला. वीस वर्षं बोटींच्या काळ्या तेलात घालवलेला माणूस लग्न ठरल्यासारखा लाजला होता.

माझ्यावर देखरेख सोपवली होती. म्हणजे शाळा सुटली की जाऊन डब्यावर बसायचं आणि समजल्यासारखी मान हलवायची. ज्याची स्कूटर तिरकी केल्याशिवाय चालू होत नाही, त्याला देखरेखीला ठेवणारा मेहुणाही धन्यच.

अशाच एका संध्याकाळी मेस्त्री इंजिनाच्या मागच्या जड चाकाचे, फ्लायव्हीलचे, बोल्ट कसत होता. तेवढ्यात जेटीवरून बोलावणं आलं आणि तो तसाच धावला. मी एकटा. सहा बोल्ट. तिघांवर लाल नेलपॉलिशचा टिकला, तीन कोरे. बाटली शेजारीच. गंज लागू नये म्हणून असेल, असं मी माझ्या बुद्धीने ठरवलं आणि उरलेल्या तिघांवर सुबक टिकले लावले. फळ्यावरच्या अक्षरासाठी माझं नाव आहे, त्यात काही कमी पडू दिलं नाही. मग घरी जाऊन मासे खाल्ले आणि विसरलो.

शर्यत रविवारी होती. शनिवारी सकाळी सुहास आला. इंजिन सुरू झालं तेव्हा आम्ही तिघेही हसलो. पण ते तापून शांतपणे चालायला लागलं आणि खालून आवाज यायला लागला. टक… टक-टक… टक. दारावर कुणी संकोचून बोट वाजवावं तसा.

"गप. आयक."

मेस्त्रीने आधी पुढचा पट्टा काढून पाहिला. आवाज तसाच. मग एकेक प्लगची वायर काढली. इंजिन लंगडलं, पण टकटक हलली नाही. "पिस्टन नाय. कनेक्टिंग रॉड नाय." त्याच्या कपाळावरचा घाम भुवईत उतरत होता. सुहासने ॲक्सिलरेटरवर पाय दाबला; इंजिन गर्जलं आणि आवाज नाहीसा झाला. पाय काढला, पुन्हा टकटक.

"रेस दिली की जातो ना? मग झालं तर!" सुहास घड्याळ बघत म्हणाला. "घाटात मी काय गाडी उभी ठेवणार आहे? मी कसालपर्यंत सणसणीत ताणून बघतो."

"रवा, थांबा. क्लच दाबा."

सुहासने क्लच दाबला. टकटक बदलली, बसल्यासारखी झाली. मेस्त्रीने डोळे उघडले. "मागसून येता."

तो बराच वेळ खाली वाकून राहिला. मग स्वतःशीच बोलावं तसं म्हणाला, "फ्लायव्हीलचे बोल्ट ढिले आसले तर असो आवाज येता. पण बोल्ट माझ्या हातान कसलंय. एकेक कसलो की लाल टिकलो. सहाच्या सहा टिकले माझ्या डोळ्यांनी बघलंय." त्याने मान हलवली. "बोल्ट नाय. क्लच प्लेट असतली. इतक्यान काय होवचां नाय."

मी डब्यावरून उठलो.

"मेस्त्री," मी विचारलं, "ते बोल्ट सुटले तर काय होतं?"

"चाक करवतीसारख्यां फिरता, मास्तरानू. पत्रो फाडून वर येता. गाडी चालवणाऱ्याचे पाय खंय आसतत, बघा."

सुहासने गिअर टाकला होता. मी गाडीच्या पुढे जाऊन उभा राहिलो. दोन्ही हात बॉनेटवर.

"भावोजी, सरका!"

"बंद कर! बंद कर आधी!"

त्याने इंजिन बंद केलं. "झालं काय?"

तेव्हा खरं बोलायचं होतं. सुहासचा तापलेला चेहरा बघितला आणि मी म्हणालो, "मला चक्कर येतेय." मेस्त्री मला धरून पाण्याच्या पिंपामागे घेऊन गेला. तिथे मी सांगितलं. तीन टिकले माझे.

त्याने शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

"तुमी कित्याक…" एवढंच म्हणाला. मग टॉवेलने तोंड पुसलं आणि बाहेर गेला.

"गाडी खोलूची लागतली. तीन बोल्ट माझ्याकडना ढिले रवले."

सुहासचं तोंड सुटलं. "सहा बोल्ट मोजता येत नाहीत तुम्हाला? माझा जीव गेला असता! तुम्ही बोटीच करा, मेस्त्री. मी दोस्तांना काय तोंड दाखवू?"

मी तोंड उघडलं. मेस्त्रीने माझ्याकडे न बघताच बोट वर केलं. "गप."

आणि मी गप्प बसलो. त्याने सांगितलं म्हणून नव्हे. मला तेच हवं होतं.

गिअरबॉक्स उतरवला तेव्हा त्या तिघांतला एक बोल्ट निम्मा कापला गेलेला निघाला. रविवारची शर्यत गेली. सोमवारी सुहास गाडी घेऊन गेला, तो पुन्हा आला नाही. दोस्तही आले नाहीत.

नंतर एकदा धीर करून मी विचारलं, तुम्ही असं का केलंत? मेस्त्री नोझल साफ करत होता. "तुमका त्येच्या पंगतीक बसूचां आसता, मास्तरानू. माका खंय बसूचां आसा? आणि दुसऱ्याच्या हातचो टिकलो माका वळखाक येवक नाय, तो दोष माझोच."

धुतलेला कोपरा त्याने वर्षभर मोकळा ठेवला. पावसाळ्यात जाळी ठेवायला जागा नसायची, तरी तिथे ठेवू द्यायचा नाही. पुढच्या वर्षी जाळी आली. दोन हजार नऊच्या सुमारास कंबर धरली म्हणून शेड विकून तो मिठबावला, आपल्या गावी गेला, आणि वर्ष सरायच्या आत वारला. मी बाराव्याला गेलो होतो. त्याच्या मुलीने मला ओळखलं. "बाबा तुमच्याबद्दल बोलायचे," म्हणाली. काय बोलायचे, ते विचारायची माझी छाती झाली नाही.

त्या संध्याकाळी घरी येऊन पहिल्यांदाच सगळी हकिगत बायकोला सांगितली. मी म्हटलं, आता काय उपयोग, माणूस तर गेला.

ती उठली आणि फोन आणून माझ्यासमोर ठेवला.

"दादा आहे ना अजून? लावा. आणि माझ्यासमोर बोला."