सिगारेट सोडल्याचा पुरावा

आमच्या घरात माणसाच्या बोलण्यापेक्षा लॅबच्या कागदावर विश्वास जास्त. बाबा वर्षभर धापा टाकत कोपर स्टेशनजवळच्या आमच्या बिल्डिंगचे जिने चढत होते, तेव्हा दादा म्हणायचा, "वय झालं की होतंच." मग फुंकून बघायच्या तपासणीत सीओपीडी निघाला, फुफ्फुसाचा जुनाट आजार. कागदावर छापून आल्यावर बाबांना आमच्या लेखी खरोखर दम लागायला लागला.

बाबा खोपटच्या एसटी डेपोत मेकॅनिक होते. डिझेलचा धूर सरकारी, सिगारेटचा स्वखर्चाने. निवृत्त झाल्यावर डिझेल सुटलं आणि आजार कळल्यावर आपण सिगारेटही सोडली, असं ते सांगत. आम्ही ऐकून घ्यायचो. दादा त्यांच्या शर्टाचा वास घ्यायचा, मी खिसे उलटे करायचे. आई तेवढी गप्प असायची, त्यामुळे घरात एक तरी माणूस आपल्या बाजूचं आहे, असा बाबांचा समज होता.

ठाण्याच्या छातीच्या डॉक्टरबाईंना एका अभ्यासासाठी पेशंट हवे होते. निवड झाली की औषधं आणि व्यायाम त्यांच्या देखरेखीखाली; अट एकच, सिगारेट सुटलेली हवी. रक्तातून सूज किती ते कळणार, लघवीतून फुफ्फुसाचे तंतू किती झिजून बाहेर पडताहेत ते. शिवाय दोन्हीतून तंबाखूचा अंश.

"घ्या तपासून," बाबा एकदम खूश. "आता माझी लघवीच तुमची तोंडं बंद करेल!"

हे वाक्य त्यांनी बिल्डिंगभर ऐकवलं. आम्हाला जिन्यात तोंड दाखवायची चोरी झाली.

रक्त दवाखान्यातच घेतलं. लघवी मात्र सकाळची पहिली, घरून न्यायची होती. आईने ती बाटली श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात ठेवली, डबा पिशवीत आणि पिशवीवर रुमाल. कुणाला कळू नये म्हणून एवढी बांधाबांध, की शेजारच्या काकूंनी विचारलं, "प्रसाद का हो?"

लघवीचा रिपोर्ट आधी आला. तंबाखूचा अंश भरपूर. दादाने टीव्ही बंद करून कोर्टच भरवलं आणि मी आपणहून सरकारी वकील झाले.

"बाबा, आता कागद खोटा बोलतो का?"

"अगं, आईशप्पथ सांगतो, एकसुद्धा ओढली नाही."

पुढे त्यांना खोकल्याची अशी उबळ आली, की पंप द्यावा लागला आणि सुनावणी तहकूब झाली. मला त्यांचा भयंकर राग आला होता. खोटं बोलायचं ते बोलायचं, वर दम लागून सुटायचं! बाबा मात्र माझ्याकडे बघतच नव्हते. ते आईकडे बघत होते आणि आई खाली मान घालून लसूण सोलत होती.

रक्ताचा रिपोर्ट आल्यावर डॉक्टरबाईंनी सगळ्यांना बोलावलं. दोन्ही कागद शेजारी ठेवून त्यांनी आकडे पुन्हा ताडून पाहिले.

"रक्तात तंबाखू अजिबात नाही. लघवीत मात्र आहे. दोन्ही यांचीच ना?"

"रक्त यांचं," आई म्हणाली. "लघवी माझी. यांची मी ओतून दिली."

बाईंनी आईला विचारलं, "तुम्ही तंबाखू खाता?"

"अगंबाई, छे!" आई चांगलीच दुखावली. "मी आपली मिश्री लावते. दातांना."

भाजलेल्या तंबाखूच्या त्या काळ्या पुडीला आमच्या घरात कुणीच कधी तंबाखू म्हटलेलं नव्हतं. सकाळी, दुपारी, झोपताना, मनाला आलं की आई दात घासायची. एवढी दातांची निगा दातांच्या डॉक्टरांच्या घरातही कुणी राखत नसेल. बाईंना हसू आवरेना, मग दादाही सुटला, मीही.

बाबा हसले नाहीत.

"म्हणजे तुलाही वाटलं, मी ओढतो?"

"हो."

"मग तोंडावर म्हणायचंस."

"म्हणून काय झालं असतं? नापास झाला असतात, तर बाईंनी अभ्यासात घेतलं नसतं तुम्हाला." आईचा आवाज फाटला. "खरं बोला नाहीतर खोटं बोला. मला तुम्ही जिवंत पाहिजे."

आमचं हसणं तिथल्या तिथे थिजलं. मला स्वतःची लाज वाटली. बाईंनी टेबलावर नवी बाटली ठेवली. सवयीने आईने हात पुढे केला. बाबांनी तिच्याआधी ती उचलली आणि स्वतःच्या खिशात टाकली.