इंग्रजाच्या पोरीची पंचमी

नगरजवळच्या केडगावला जायला निघाले त्या दिवशी मी रडले नाही. कर्जतच्या स्टँडवर नगरची गाडी लागली होती. आईनं भाकरी-चटणीचं फडकं माझ्या मांडीवर ठेवलं होतं आणि पोचवायला आलेली माझी चुलती, सखूकाकी, पदर डोळ्याला लावून तयारच होती. सासरी निघालेल्या पोरीनं रडायचं असतं. मला मात्र कधी एकदा गाडी सुटते असं झालेलं. नगर शहर, नळाचं पाणी, विजेचा दिवा, नवऱ्याची नागापूरच्या कारखान्यातली नोकरी! काकी सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं म्हणाली, "पोरीच्या डोळ्यात टिपूस न्हाई, बघ." आई खिडकीशी येऊन एवढंच बोलली, "जा. पंचमीला दादा न्यायला यील." गाडी हलली आणि मला माझीच लाज वाटली. तुम्ही जे गावात राहिलात आणि माझ्यासारखे जे निघून आलात, त्या तुम्हाला सांगण्याजोगं माझ्याकडे जे आहे ते सगळं त्या लाजेपासूनच सुरू होतं.

केडगावात आमची एक खोली होती. समोर राहायच्या सुमनताई, हायस्कुलातल्या मास्तरांच्या पत्नी. वाचनालयातून त्या एक कादंबरी आणायच्या, ती गल्लीतल्या बायकांत घरोघर फिरायची आणि शनिवारी दुपारी त्यांच्याकडे सगळ्या जमून आपापलं मत सांगायच्या. सुमनताई त्याला अभिप्राय म्हणायच्या. मी मॅट्रिक झालेली, वाचायला मला फार आवडायचं. पण तोंड उघडलं की "हाय" नाहीतर "न्हाई" बाहेर पडायचं आणि कुणीतरी मान खाली घालून हसायचं. म्हणून माझा अभिप्राय ठरलेला, "छान आहे." त्यात घसरायला जागा नव्हती.

माझ्या पहिल्या पंचमीच्या आधी जी कादंबरी आली ती इंग्रजीवरून मराठीत केलेली होती. नेपोलियनच्या लढायांच्या वेळची गोष्ट. हॅरिएट नावाची मुलगी, तिचा बाप मरतो, आणि मुलगी म्हणून तिला काही न मिळता राहतं घर चुलतभावाच्या ताब्यात जातं. ती लंडनला मावशीकडे येते. तिथं नाच, मेजवान्या, आणि लॉर्ड ॲशबी नावाचा एक ताठ मानेचा सरदार. एका पावसात घोडागाडीचं चाक मोडतं, दोघांना एका खाणावळीत रात्र काढावी लागते आणि गावभर बोभाटा होतो. वर चित्रही तसंच होतं. उंच टोपीवाला तो, आणि त्याच्या अगदी छातीशी ती.

शनिवारी काय बोलल्या बायका! एक म्हणाली, लॉर्ड गर्विष्ठ आहे. दुसरी म्हणाली, असेना, पण दिसायला कसला असेल! बँकेतल्या क्लार्कची बायको फणकारली, "कमरेत हात घालून नाचायचं, आणि मग अब्रू गेली म्हणून रडायचं." सुमनताईंना हॅरिएट आवडली होती. नुसतं कर्तव्य म्हणून लॉर्डनं लग्नाचं विचारलं तेव्हा तिनं ठणकावून नाही म्हटलं, हे त्यांनी आम्हाला वाचूनही दाखवलं. माझं वाचायचं राहिलं होतं. "माहेरी घेऊन जा," त्या म्हणाल्या, "आणि आल्यावर तुमचा अभिप्राय. छान आहे चालणार नाही हं."

दादा न्यायला आला आणि मी कादंबरी वर्तमानपत्रात गुंडाळून नेली, ते चित्र झाकायला.

आमच्याकडे श्रावणात दुपारी पोथी वाचायची रीत. घरात बायकांमध्ये अक्षर येणारी मी एकटी, त्यामुळे शाळेत असल्यापासून वाचणारी मीच. त्या वर्षी पोथी आमच्याकडून दुसऱ्या घरी गेलेली. आईला पिशवीत पुस्तक दिसलं. "ही कोनची पोथी?" मी म्हणाले, इंग्रजांची आहे. झालं. आईनं पाट मांडला, हात-पाय धुतले, पुस्तकाला ओल्या बोटांनीच हळदीकुंकू वाहिलं, समोर मूठभर जोंधळे ठेवले. सखूकाकी शेजारणींना घेऊन हजर. नको म्हणायला माझी जीभ उचलेना. पोथी नाही म्हटलं असतं तर आहे काय ते सांगावं लागलं असतं.

मी वाचायला लागले आणि बायका ओळीओळीला "व्हय, व्हय" म्हणत हुंकार द्यायला लागल्या. सरदार, नाच, रेशमी हातमोजे, सगळ्याला व्हय. घर चुलतभावाकडं गेलं तिथं मात्र हुंकार थांबला.

"चुलतभावानं गिळलं म्हना की," काकी म्हणाली. "भावकी तिकडंबी हाय."

खाणावळीची रात्र आली तेव्हा माझे कान तापले. त्या पानावर लॉर्ड तिला जवळ ओढतो. समोर आई, बाहेर ओसरीवर दादा दोर वळत बसलेला. मी ती ओळ गाळली आणि वाचलं, "मग त्यांनी एकमेकांना नमस्कार केला."

"रातभर एका धर्मशाळंत," काकी म्हणाली, "आन् नुसता नमस्कार?"

बायका पदर तोंडात धरून हसल्या. बाहेर दादाचा दोर थांबला होता. आई एकटी हसली नाही. तिनं माझ्या हातातल्या पुस्तकाकडे पाहिलं. माझं वर्तमानपत्र कधीच सुटून पडलं होतं आणि टोपीवाल्यानं छातीशी धरलेल्या पोरीचं ते चित्र तिच्यासमोर उघडं होतं. "वाच तू पुढं," ती म्हणाली. जमिनीनं पोटात घ्यावं असं वाटणं म्हणजे काय ते मला त्या दुपारी कळलं.

शेवटी लॉर्ड स्वतःची चूक कबूल करतो, तिच्यावर प्रेम आहे म्हणतो, लग्न होतं, मोठ्या वाड्याच्या फाटकातून गाडी आत जाते. समाप्त. मी पुस्तक मिटलं. कुणी डोकं टेकवायला पुढं येईना.

"पुढं?" आई म्हणाली.

"संपलं."

"आसं कसं? लगीन झालं, ते बरं झालं. पर तिला पंचमीला न्यायला कोन आलं?"

"त्यांच्यात पंचमी नसते, आई."

"नसंल. पर म्हायेर तर आसंल ना? चुलतभावानं घर घेतलं, मग न्यायची जबाबदारीबी त्याचीच की. आला का त्यो?"

मी मागची पानं चाळल्यासारखं केलं. तिथं काही नव्हतं. लॉर्ड गर्विष्ठ की प्रेमळ, ती मानी की मूर्ख, याच्याशी आमच्या बायकांना देणंघेणं नव्हतं. पोरीला न्यायला कुणी आलं नाही, एवढ्यावरच त्या जराशा नाराज होऊन उठल्या.

केडगावला परतले तेव्हा कागदातून झिरपून चित्रातल्या लॉर्डच्या टोपीवर हळद आणि हॅरिएटच्या बरोबर कपाळावर कुंकू होतं. पुसायला गेले तर आणखी पसरलं. शनिवारी पुस्तक या हातातून त्या हातात फिरलं आणि सगळ्या खो-खो हसल्या. क्लार्कची बायको म्हणाली, "चला, सवाष्ण झाली एकदाची." सुमनताईंनी विचारलं, "आणि अभिप्राय?" मी गोंधळले आणि तोंडातून आलं, "तिला पंचमीला न्यायला कुनी आलं न्हाई." पुन्हा हशा. एकट्या सुमनताई हसल्या नाहीत, पण ते मला तेव्हा दिसलं नाही. मला माझं "न्हाई" तेवढं ऐकू येत होतं. पुढं कितीतरी शनिवारी मी डोकं दुखतंय म्हणून घरीच बसले.

दुसऱ्या वर्षी पाऊस आलाच नाही. गावाकडची माणसं दुष्काळी कामावर खडी फोडत होती, दादाही. यंदा कुणी यायचं नाही हे मी मनाशी ठरवून टाकलं होतं. खरं सांगायचं तर तिथं जाऊन काय खायचं, हाही विचार मनात येऊन गेला. पंचमीच्या आदल्या दिवशी, नेमका शनिवार, समोर बायका जमलेल्या. आणि सुमनताईंच्या दारातून आवाज आला, "माजी पोर हितं कुटं ऱ्हाती?"

आई होती. एसटीच्या धुळीनं माखलेली, हातांना खडीनं भेगा पडलेल्या. मी धावत गेले, तोवर सुमनताईंनी तिला आत घेऊन पाणी दिलं होतं. न्यायला कधी आई येते का? पण दादाला सुट्टी नव्हती. "मुकादमाला म्हनलं, माजी हजरी नगं मांडू," ती सांगत होती. "पुरणाची दिंडं करायला घरात डाळ न्हाई, तरी म्हनलं, पोरीनं वाट बघू ने." सगळ्या बायकांसमोर! मी जमिनीकडे बघत उभी राहिले.

मग आईची नजर फळीवरच्या पुस्तकांवर गेली. "ती इंग्रजाची पोर," तिनं सुमनताईंना विचारलं, "तिला आलं का हो न्यायला कुनी?"

मी डोळे मिटून घेतले. आता हसतील. कुणी हसलं नाही. सुमनताईंनी आईच्या हातातला रिकामा तांब्या घेतला. त्यांचे आई-वडील कधीच गेले होते आणि मी केडगावला आल्यापासून त्यांना न्यायला कुणी आलेलं मी पाहिलं नव्हतं, हे त्या क्षणी माझ्या लक्षात आलं.

"नाही हो आई," त्या म्हणाल्या. "कुणी नाही आलं."

"मंग तिलाबी म्हनावं, चल आमच्याकडं."

नगरमध्ये मला आता पन्नासाच्या आसपास वर्षं झाली. आई नाही. गावच्या घरावर भाच्यानं स्लॅब टाकला आहे, माझी तिथं ये-जा आहे, मानपानही आहे. पण न्यायला कुणी येत नाही. घर म्हणजे काय असं नातीनं विचारलं तर मला भिंती आठवत नाहीत. खडी फोडणं टाकून आलेली आई आठवते, आणि तिच्याकडे न बघता जमिनीकडे बघत उभी असलेली मी. पंचमी आली की मी गल्लीतलं एखादं दार वाजवते, जिला कुणी न्यायला आलेलं नाही तिचं. "चल आमच्याकडं," म्हणते. असंच म्हणते, आईच्या बोलीत, आणि म्हणताना कुणी हसतंय का ते बघत नाही.